घरांतील यंत्रें : गाडी कां किंचाळते?

गाडी धावूं लागली म्हणजे थोडाबहुत आवाज हा व्हावयाचाच. परंतु रोजच्या आवाजांत एखादा नवा स्वर मिसळला, तर त्याकडे दुर्लक्ष करणें महागांत पडतें, हें आम्ही यंदां स्वानुभवानें शिकलों. आमच्या चुकीचा दंड इतरांस भरावा लागूं नये, एवढ्याच हेतूनें तो अनुभव वाचकांपुढें ठेवीत आहों.

आमच्या रत्नागिरीकडील घरीं आंब्याच्या पेट्या वाहण्यासाठीं डिझेलवर चालणारी एक पिकअप आहे. चैत्रांत ती पेट्या भरून आंबा घाटानें कोल्हापुरास जाऊं लागली, तेव्हां ड्रायव्हरनें आमच्या थोरल्या बंधूंस सांगितलें, "दादा, ॲक्सिलरेटर दाबला कीं गाडी मागून किंचाळते." दादा म्हणाले, "तूं सावकाश हांकीत जा, म्हणजे झालें." आम्हीही हंसलों. पुढें आवाज वाढला, तेव्हां एका मिस्त्र्यानें गाडी चालवून न पाहतांच गिअरबॉक्स उतरविण्याचा सल्ला दिला. खर्चाचा आंकडा ऐकून घरांत दोन पक्ष पडले. महाविद्यालयांत पदार्थविज्ञान शिकविणाऱ्या आमच्या धाकट्या सूनबाई एवढेंच म्हणाल्या, "काय बिघडलें हें ठरविण्याआधीं, आवाज केव्हां येतो हें तरी पाहावें."

तेंच खरें होतें. आवाज इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर वाढतो, चाकांच्या वेगाबरोबर वाढतो, कीं यंत्रावर पडणाऱ्या जोराबरोबर, हाच मुख्य प्रश्न. त्यासाठीं चार कसोट्या पुरतात. मात्र एका वेळीं एकच गोष्ट बदलावी, ऐकणारा माणूस ड्रायव्हरहून निराळा असावा, आणि रस्ता सपाट व मोकळा असावा. घाटांत असले प्रयोग करूं नयेत.

पहिली कसोटी गाडी उभी ठेवून. हँडब्रेक ओढून, गिअर न्यूट्रलला ठेवून इंजिनाच्या फेऱ्या वाढवाव्या. तोच आवाज आला, तर दोष इंजिनाच्या आसपास आहे. स्टिअरिंग फिरवितांना तो वाढला, तर पॉवर स्टिअरिंगच्या पंपाचा संशय घ्यावा. दिवे व पंखा लावल्यावर बदलला, तर आल्टर्नेटरचा. टर्बोची शीळ मात्र पुष्कळदां गाडीवर जोर पडल्यावरच ऐकूं येते. तिच्यासाठीं हवेच्या नळ्यांचे सांधे तपासावे. आमची गाडी उभी असतां अगदीं शांत होती.

दुसरी कसोटी अशी. ताशीं 50 किलोमीटर या एकाच वेगानें एकदां चौथ्या व एकदां पांचव्या गिअरमध्यें जावें. इंजिनाच्या फेऱ्या बदलतात, चाकांच्या बदलत नाहींत. स्वराची उंची बदलली, तर दोष इंजिनाकडे. आवाज एखाद्याच गिअरमध्यें आला, तर गिअरबॉक्सकडे. स्वर तोच राहिला, तर मागील डिफरन्शियलकडे किंवा चाकांकडे. आमचा स्वर तोच राहिला. बिचारा गिअरबॉक्स येथेंच निर्दोष सुटला!

तिसऱ्या कसोटींत ॲक्सिलरेटरवरील पाय उचलावा, व चौथींत वळणावर कान द्यावा. चाकाचें बेअरिंग झिजलें असेल, तर त्याची घरघर बहुधा एका बाजूच्या वळणावर वाढते व दुसऱ्या बाजूच्या वळणावर कमी होते. आमच्या गाडीचा आवाज वळणांवर मुळींच बदलेना. पाय उचलतांच मात्र तो थांबे. संशय डिफरन्शियलवर येऊन ठरला.

मागील आंसाच्या मध्यभागीं जो फुगीर गोळा दिसतो, तोच हा डिफरन्शियल. त्यांत पिनियन नांवाचें लहान दांतेरी चाक क्राउन नांवाच्या मोठ्या चाकास फिरवितें. समजा, पिनियनला 10 दांते आहेत व तें मिनिटास 2,400 फेरे घेतें. म्हणजे सेकंदास 40 फेरे झाले, व दांत्यास दांता 400 वेळां भिडला. दांते नीट बसले असतील, तर ही भेट जवळजवळ मुकाट्यानें होते. जागा किंचित् सरकली, कीं सेकंदास 400 कंपनांचा स्वर उमटतो. वेग वाढला म्हणजे स्वर चढतो, तो यामुळेंच.

दुसऱ्या एका मिस्त्र्यानें डिफरन्शियलच्या तेलाचें बूच उघडलें. तेल भोकाच्या खालच्या कडेपर्यंत असावयास हवें. तें बोटासही लागेना. पिनियनपाशील ऑईल सील फुटून तेल थेंब थेंब गळून गेलें होतें, आणि बेअरिंग झिजून पिनियन हालूं लागलें होतें. त्यानें नवीं बेअरिंगें व नवें सील बसविलें, पातळ चकत्या घालून पिनियन जागेवर आणलें, दांत्यांमधील मोकळीक डायल गेजनें मोजली, आणि दांते कोठें टेकतात हें रंग लावून पाहिलें. शेवटीं गाडीच्या पुस्तिकेंत सांगितलेलें गिअर ऑईल भरलें. दांते सुदैवानें शाबूत होते. नाहीं तर क्राउन व पिनियन हीं जोडीनेंच बदलावीं लागतात.

अधिक जाड तेल घालून आवाज दडपण्याचा सल्ला आम्हांसही मिळाला होता. तो कोणीं घेऊं नये. त्यानें आवाज दबतो, झीज थांबत नाहीं. भरलेली गाडी घाट उतरत असतां पिनियन अडकलें, तर मागचीं चाकें जागच्या जागीं आवळलीं जातात. त्या वाटेनें आमचा ड्रायव्हर दोन महिने जात होता, हें आठवलें म्हणजे आजही अंगावर कांटा येतो.

तेव्हां दर सर्व्हिसिंगला डिफरन्शियलचें तेल पाहावयास सांगावें, व रात्रीं गाडी जेथें उभी राहते तेथें जमिनीवर डाग पडला आहे काय, हें सकाळीं पाहावें. यास खर्च कांहींच नाहीं.

गाडी दुरुस्त होऊन आली, त्या दिवशीं दादांनीं ड्रायव्हरला ओटीवर बसवून चहा दिला व म्हणाले, "अरे, 'मागून' असें तूं पहिल्याच दिवशीं सांगितलें होतेंस. ऐकणारेच बहिरे!" तात्पर्य, जो माणूस यंत्राजवळ रोज असतो, त्याच्या कानावर विश्वास ठेवावा. घरांतील माणसांच्या बारीक कुरबुरींनाही हाच न्याय लागू आहे, हें सुज्ञ वाचकांस सांगणें नलगे.