टी-शर्टावरचे डोंगर

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. उज्जैनला महाकालाचं दर्शन आटोपून मी देवास गेटच्या बस स्टँडवर देवासच्या गाडीची वाट पाहत उभा होतो. कुमार गंधर्वांचं घर पाहायचं होतं. माळव्यात गेलेला मराठी माणूस दुसरं काय करणार? पोह्यांच्या गाडीवर माझ्या शेजारी अठरा-एकोणीस वर्षांचा एक मुलगा होता. अंगात काळा टी-शर्ट आणि छातीवर एकाखाली एक पांढऱ्या नागमोडी रेषा. हे काय आहे म्हणून विचारलं, तर म्हणाला, "पता नहीं अंकल, पहाड़ होंगे."

डोंगर नव्हेत ते. एका दूरच्या ताऱ्याकडून येणाऱ्या रेडिओ स्पंदनांचा तो आलेख. मँचेस्टरच्या 'जॉय डिव्हिजन' या बँडने १९७९ साली काढलेल्या 'अननोन प्लेझर्स' या तबकडीच्या वेष्टनावर तो छापला होता. पंकच्या लाटेनंतर जे थंड, काळोखं, अस्वस्थ संगीत आलं, ज्याला पोस्ट-पंक म्हणतात, त्यातली ही महत्त्वाची तबकडी. पुढच्याच वर्षी तिचा तेवीस वर्षांचा गायक गेला. रेषा मात्र राहिल्या, आणि फिरत फिरत देवास गेटच्या पोह्यांच्या गाडीपर्यंत पोचल्या!

यात मुलाची चूक नाही. चूक आहे ती जुन्या क्लबांच्या आठवणी काढून गळा काढणाऱ्या माझ्यासारख्या प्रौढांची. हे थोडं कडू वाटेल, पण लिहायलाच हवं.

मँचेस्टरचंच उदाहरण घ्या. ४ जून १९७६ रोजी तिथल्या एका छोट्या सभागृहात 'सेक्स पिस्टल्स'चा कार्यक्रम झाला. तो ठरवणारी दोन कॉलेजातली पोरं. तिकीट पन्नास पेन्स. श्रोते जेमतेम चाळीसेक. पण त्या चाळिसांतल्या काहींनी घरी जाऊन वाद्यं विकत घेतली आणि त्यातूनच पुढे जॉय डिव्हिजन उभा राहिला. आज 'मी त्या रात्री तिथे होतो' म्हणणारे हजारोंनी भेटतात. सभागृह एवढं मोठं कधी झालं हे देवच जाणे! ती इमारत आज हॉटेल आहे. जॉय डिव्हिजनच्या उरलेल्यांनी 'न्यू ऑर्डर' नावाने पुन्हा बँड बांधला आणि त्यांच्या पैशांवर १९८२ साली 'हॅसिएंडा' हा क्लब सुरू झाला. तो कायम तोट्यात. १९९७ साली बंद पडला, २००२ साली पाडला गेला, आणि त्या जागी त्याच नावाचे फ्लॅट उभे राहिले. म्हणजे नाव विकलं जातं, आठवण विकली जाते. जागा तेवढी उरत नाही.

हे परदेशातलं झालं, आपल्याला काय त्याचं, असं कुणी म्हणेल. मग मुंबईला या. धोबीतलावला झेवियर्स कॉलेजला लागून रंगभवन नावाचं सरकारी खुलं नाट्यगृह होतं. १९७८ साली सुरू झालेली जॅझ यात्रा तिथे भरली. १९८६ पासून 'इंडिपेन्डन्स रॉक'ही तिथे गाजला. तो पंकचा क्लब नव्हता, हे मान्य. तिथे रॉक आणि मेटल वाजायचं. पण पंकचा जो खरा मुद्दा, की परवडणाऱ्या तिकिटात कुणीही पोरगा पुढे उभा राहतो आणि उद्या स्वतःच मंचावर चढतो, तो आपल्याकडे तिथेच खरा झाला. या शतकाच्या सुरुवातीला आवाजाच्या नियमांचा बडगा आला. इस्पितळ, शाळा, न्यायालय यांच्यापासून १०० मीटर म्हणजे शांतता क्षेत्र. रंगभवन त्यात सापडलं आणि मुकं झालं.

नियम चुकीचा होता असं मी म्हणत नाही. रुग्णाला झोप हवीच. माझा प्रश्न वेगळा आहे. एक मंच बंद केल्यावर शहराने दुसरा का दिला नाही? २००७ साली लोअर परळच्या गिरणीच्या आवारात 'ब्लू फ्रॉग' निघाला. देखणा होता, पण खिशात पैसे असणाऱ्यांसाठी. तोही २०१६ साली मिटला. आणि आम्ही मराठी वाचणारी, लिहिणारी, नाटकवेडी मंडळी तेव्हा काय करत होतो? 'कसला तो धांगडधिंगा' म्हणून नाकं मुरडत होतो. खुला मंच गेला तो फक्त केसाळ पोरांचा गेला, असं आम्हाला वाटलं. तो आपलाही होता, हे सुचलंच नाही.

गोंयकारांनी तरी हसू नये. रात्रभर चालणारा दशावतार, जत्रेतलं नाटक आणि गावचा तियात्र हे आपण वाढवलं ते मांडवात, मंदिराच्या प्रांगणात, फुकटात किंवा चार पैशांत. केसरबाईंच्या नावाने आज आपण संगीत समारोह भरवतो. पण त्या ज्या कलावंत समाजातून आल्या त्या समाजाला जिवंतपणी आपण किती मान दिला, ते ज्याने त्याने स्वतःला विचारावं. कला अकादमीच्या खुल्या रंगमंचाचं छत जुलै २०२३ मध्ये कोसळलं तेव्हा आपल्या सगळ्यांच्या आठवणी एकदम दाटून आल्या. छत कोसळायच्या आधी त्या मंचावर आपली पोरं कितीदा चढली, याचा हिशेब कुणी मांडला?

आमच्याच भागात चार मुलांनी सरावासाठी एक सभागृह मागितलं होतं. आडवारी, दुपारी, रिकामं असताना. 'तसला आवाज इथे नको' हे उत्तर मिळालं. त्याच सभागृहात लग्नाचा डीजे मात्र चालतो! तेव्हा प्रश्न आवाजाचा नाही, आवाज कुणाचा याचा आहे.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. आठवणी पुरे झाल्या. काही तालुक्यांत रवींद्र भवनं आहेत, पंचायतींची सभागृहं आहेत. आठवड्यातली एक संध्याकाळ, रात्री दहाच्या आत, नाममात्र भाड्यात, नवख्या पोरांना द्या. ती बेसूर वाजवतील. वाजवू देत. मँचेस्टरची ती पोरंही सुरुवातीला बेसूरच होती.

देवासची गाडी लागली तेव्हा त्या मुलाला विचारलं, काय करतोस? म्हणाला, जगरात्यांत ऑक्टोपॅड वाजवतो. तिघा मित्रांबरोबर स्वतःची गाणीही बसवतो. सराव कुठे करता? "मैरिज गार्डन में, जब शादी न हो."

टी-शर्टावर काय आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. पण त्या रेषांमागची खरी गोष्ट तो जगत होता. आम्हाला मात्र त्या टी-शर्टाचा सगळा इतिहास पाठ आहे, आणि सभागृहाच्या चाव्या आमच्याच खिशात आहेत.