जीपला विंच बसवताय? आधी बंपरचं गणित समजून घ्या

चिखलात रुतलेली गाडी ओढून काढणारी इलेक्ट्रिक विंच कामाची आहेच. खरी अडचण आहे बंपरची.

का? विंचचा ताण टनांमध्ये असतो. प्लास्टिकचा बंपर तो पेलत नाही. त्यामुळे थेट चॅसीला बोल्ट केलेला लोखंडी बंपर लागतो. हाच बंपर धडकेत पादचाऱ्यासाठी जास्त घातक ठरतो. एअरबॅग उघडण्याच्या वेळेवरही परिणाम होऊ शकतो.

कायदा काय सांगतो? डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राने राज्यांना क्रॅश गार्ड, बुल बारवर कारवाई करायला सांगितलं. गाडीतल्या बेकायदा बदलाला प्रत्येकी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

मग? वर्षातून दोनदा ऑफ-रोडिंग करणाऱ्यांना रिकव्हरी स्ट्रॅप आणि सोबत दुसरी गाडी पुरते.