बंब आले, माणसे कधी येणार?

आपत्कालीन सेवांच्या आधुनिकीकरणासाठी केंद्र सरकारने निधीची तरतूद केली, ही स्वागतार्ह बाब आहे. परंतु अग्निशमन दल, रुग्णवाहिका सेवा आणि आपत्ती प्रतिसाद दल यांतील मनुष्यबळाचा प्रश्न सुटल्याखेरीज या खर्चाचे फळ नागरिकांच्या पदरात पडणार नाही.

दर वर्षी १४ एप्रिलला देशभरातील अग्निशमन दले कर्तव्यावर असताना प्राण गमावलेल्या आपल्या सहकाऱ्यांना मानवंदना देतात. या दिवसाचा उगम मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत आहे. १९४४ साली तेथे नांगरलेल्या ‘फोर्ट स्टिकिन’ या मालवाहू जहाजात कापसाच्या गासड्या आणि सुमारे चौदाशे टन स्फोटके एकत्र भरलेली होती. दुपारी कापसाने पेट घेतला. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला प्रचंड स्फोट झाला, तेव्हा अग्निशमन दलाचे जवान आग विझवण्याच्या कामात गुंतलेले होते. त्या दुर्घटनेत दलाचे ६६ जण मृत्युमुखी पडले.

त्या बलिदानाचे स्मरण देशाने आजवर निष्ठेने जपले आहे. मात्र स्मरणाच्या या सोहळ्यात शौर्याविषयी जेवढे बोलले जाते, तेवढे सेवाशर्तींविषयी बोलले जात नाही. जवानाची पाळी किती तासांची असते, त्याच्या केंद्रातील किती पदे रिक्त आहेत, धुरात काढलेल्या वीस वर्षांनंतर त्याच्या फुप्फुसांची अवस्था काय होते आणि फायरमन म्हणून लागलेला माणूस निवृत्त होईपर्यंत किती पायऱ्या चढतो, हे प्रश्न आस्थापना शाखेच्या कपाटात बंद राहतात. आपत्कालीन सेवेची गुणवत्ता मात्र याच प्रश्नांच्या उत्तरांवर ठरते.

निधीचा ओघ कोणीकडे?

पंधराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीनुसार, राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद निधीतून राज्यांच्या अग्निशमन सेवांचा विस्तार व आधुनिकीकरण करण्यासाठी पाच हजार कोटी रुपयांची योजना केंद्राने जुलै २०२३ मध्ये सुरू केली. राज्यांनी आपला २५ टक्के हिस्सा घालायचा आहे. ईशान्येकडील आणि हिमालयीन राज्यांसाठी तो १० टक्के आहे. नवी केंद्रे, प्रशिक्षण संस्थांचे बळकटीकरण, आधुनिक साधने आणि संगणकीकरण अशी तिची उद्दिष्टे आहेत. स्वातंत्र्यानंतर या उपेक्षित सेवेकडे केंद्राने एवढ्या मोठ्या प्रमाणावर प्रथमच लक्ष दिले, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे.

तथापि या योजनेच्या आधीचा एक अभ्यास येथे आठवावा लागतो. गेल्या दशकाच्या आरंभी केंद्रीय गृह मंत्रालयाने देशातील अग्निधोक्याचा आणि अग्निशमन सेवांचा आढावा तज्ज्ञ संस्थेकडून करून घेतला. प्रमाणित निकषांच्या तुलनेत वाहनांची तूट सुमारे ८० टक्के, तर केंद्रांची आणि मनुष्यबळाची तूट प्रत्येकी ९० टक्क्यांहून अधिक, असा त्याचा निष्कर्ष होता. निकष कठोर होते असे मानले, तरी या आकड्यांतला क्रम बोलका आहे. त्या काळातही माणसांपेक्षा वाहनांची स्थिती बरी होती. वाहन एकदाच्या अनुदानातून घेता येते. पदाचे तसे नसते. पद मंजूर केले की पुढील तीस-पस्तीस वर्षांचे वेतन आणि त्यानंतरचे निवृत्तिवेतन यांची जबाबदारी येते.

प्रशासनात ज्यांनी काही वर्षे काढली आहेत, त्यांना या दोन प्रकारच्या फायलींच्या गतीतला फरक वेगळा सांगावा लागत नाही. शिडीच्या वाहनाची खरेदी निविदेच्या टप्प्यांतून जात एके दिवशी पूर्ण होते आणि त्याचे लोकार्पणही होते. आकृतिबंध सुधारण्याचा प्रस्ताव मात्र वित्त विभाग, नगरविकास विभाग आणि सामान्य प्रशासन यांच्यामध्ये वर्षानुवर्षे फिरत राहतो. रिक्त पद भरल्याचे लोकार्पण कोणी करीत नाही.

गणित साधे आहे. एका बंबावर एका वेळी सहा जण लागतात असे धरले, तर आठ तासांच्या तीन पाळ्यांसाठी अठरा जण हवेत. साप्ताहिक सुटीचा हिशेब केला की ही संख्या एकवीस होते. रजा, आजारपण आणि प्रशिक्षण जमेस धरले की पंचविसाच्या घरात जाते. म्हणजे एक नवा बंब हा प्रत्यक्षात पंचवीस माणसांच्या भरतीचा निर्णय असतो. ही भरती झाली नाही, तर तीन पाळ्यांच्या दोन होतात, सहाऐवजी चौघे निघतात आणि प्रशिक्षणासाठी कोणालाही सोडता येत नाही. बंब वाढले आणि माणसे तेवढीच राहिली, की सेवा कागदावर विस्तारते आणि प्रत्यक्षात पातळ होते.

या तुटवड्याचा पहिला फटका प्रतिबंधक कामाला बसतो. मे २०२४ मध्ये राजकोटच्या टीआरपी गेम झोनला लागलेल्या आगीत २७ जणांचा बळी गेला. अग्निशमन विभागाच्या ना हरकत दाखल्याशिवाय ते ठिकाण चालू होते. तेथील दोष निव्वळ मनुष्यबळाच्या अभावाचा होता असे म्हणता येणार नाही. परवाना देणाऱ्या यंत्रणेची जबाबदारी त्यात स्पष्ट आहे. पण आग विझवणाऱ्याच तोकड्या तुकडीकडे इमारतींच्या तपासणीचे काम असेल, तर तपासणी मागे पडणारच. महाराष्ट्राच्या २००६च्या कायद्याने इमारतमालकांवर दर सहा महिन्यांनी परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र सादर करण्याची जबाबदारी टाकली आहे. त्या प्रमाणपत्राची जागेवर जाऊन पडताळणी करायलाही शेवटी माणूस लागतोच.

तीन सेवा, तीन बंधने

आपल्याकडे आपत्कालीन सेवांतील नोकरीचे तीन वेगवेगळे साचे आहेत आणि प्रत्येकाचे दुखणे निराळे आहे.

पहिला साचा स्थानिक संस्थांचा. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने अग्निशमन सेवा बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांच्या कार्यांमध्ये घातली. काही राज्यांत ही सेवा राज्य शासनाचे खाते म्हणून चालते. महाराष्ट्रासारख्या राज्यात ती महापालिका आणि नगरपालिकांकडे आहे. लहान नगरपालिकेच्या दलात मूठभर पदे असतात. तेथे भरती झालेल्याला बढतीची जागाच नसते, दुसऱ्या शहरात बदलीही नसते आणि मोठ्या आगीचा अनुभव मिळण्याची संधीही क्वचितच येते. आस्थापना खर्चाच्या मर्यादेमुळे नवी पदे अडतात, आणि ज्या नगरपालिकेला अग्निशामक सर्वांत जास्त हवे असतात, तिलाच ते परवडत नाहीत.

दुसरा साचा कंत्राटाचा. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा २००५ मध्ये आंध्र प्रदेशात सुरू झाली आणि राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाच्या साह्याने देशभर पसरली. खेड्यातल्या बाळंतिणीला आणि महामार्गावरच्या अपघातग्रस्ताला तिने दिलेला आधार अमोल आहे. सेवा चालवण्याचे काम शासन ठरावीक मुदतीसाठी एखाद्या संस्थेला देते; चालक आणि आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञ हे त्या संस्थेचे नोकर असतात. मुदत संपून चालवणारी संस्था बदलली की कर्मचाऱ्याची ज्येष्ठता, वेतनवाढ आणि कधी कधी नोकरीही टांगणीला लागते. जुलै २०२१ मध्ये उत्तर प्रदेशात जीवरक्षक रुग्णवाहिकांचे काम नव्या संस्थेकडे जाताना नेमके हेच घडले. कर्मचारी संपावर गेले आणि शासनाने अत्यावश्यक सेवा कायद्याचा बडगा उगारला. ज्या सेवेला आपण अत्यावश्यक म्हणतो, तिच्यातील माणसाची नोकरी मात्र तात्पुरती असावी, ही विसंगती केवळ कायद्याच्या धाकाने मिटणारी नाही.

तिसरा साचा प्रतिनियुक्तीचा. २००५च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यान्वये उभे राहिलेले राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल आठ तुकड्यांवरून आज सोळा तुकड्यांपर्यंत वाढले आहे. तिन्ही साच्यांत हा सर्वांत सुस्थितीतला म्हणावा लागेल. जवान निमलष्करी दलांतून येतात, प्रशिक्षण नियमित असते, आदेशाची साखळी स्पष्ट असते. फेब्रुवारी २०२३च्या भूकंपानंतर तुर्कस्तानात या दलाने केलेल्या कामाची जगाने दखल घेतली. परंतु प्रतिनियुक्तीची मुदत संपली की ढिगाऱ्याखालचा श्वास ओळखायला शिकलेला जवान मूळ दलात परततो आणि सीमेवरच्या गस्तीला किंवा निवडणुकीच्या बंदोबस्ताला लागतो. त्याच्यावर झालेला खर्च वाया गेला असे नाही; पण ते कौशल्य राज्याच्या किंवा जिल्ह्याच्या उपयोगी पडेल अशी वाट कोणी आखलेली नाही.

हातातले ज्ञान

आधुनिक अग्निशमन सेवेचा इतिहास यंत्रांचा म्हणून सांगितला जातो, पण त्याचा आरंभ माणसांच्या निवडीपासून झाला. १८२४ साली एडिंबरो शहराने जेम्स ब्रेडवूड या अवघ्या चोविशीतल्या तरुणाकडे अग्निशमन दल सोपवले. त्याने कौलारू, सुतार, गवंडी आणि नळकाम करणारे कारागीर वेचून घेतले. कौलारू छपरावर निर्धास्त चालतो आणि पेटलेला मजला किती वेळ तग धरेल हे गवंड्याला व सुताराला कळते, हा त्यामागचा विचार. सराव तो पहाटेच्या वेळी घेई. पुढे लंडनच्या दलाचा प्रमुख झालेला हा गृहस्थ १८६१ मध्ये टूली स्ट्रीटच्या आगीत भिंत कोसळून मरण पावला. त्यानंतर दीडशे वर्षांनी, मे २०१५ मध्ये, मुंबईत काळबादेवीच्या गोकुळ निवास या जुन्या इमारतीच्या आगीत इमारत कोसळली आणि त्यात जखमी झालेले दलप्रमुख सुनील नेसरीकर यांच्यासह चार अधिकाऱ्यांचा अंत झाला. जळती वास्तू केव्हा सोडायची, हा निर्णय आजही अनुभवी डोळ्यांवरच अवलंबून आहे, आणि असे डोळे तयार व्हायला वीस वर्षे लागतात.

उत्तराखंडातील सिल्क्यारा बोगद्याने नोव्हेंबर २०२३ मध्ये हीच गोष्ट निराळ्या प्रकारे दाखवली. ४१ मजूर सतरा दिवस अडकले होते. परदेशी बनावटीचे ऑगर यंत्र ढिगाऱ्यातल्या लोखंडात अडकून निकामी झाले आणि अखेरचे काही मीटर चिंचोळ्या बिळातून कोळसा काढण्याची सवय असलेल्या मोजक्या कामगारांनी हातांनी खोदले. त्यांचे ज्ञान कोणत्याही शासकीय आकृतिबंधात नव्हते. संकटाच्या वेळी ते सापडले, हे सुदैव. प्रशासनाने सुदैवावर विसंबता कामा नये.

काय करता येईल?

राज्यांकडे पैसा नाही, ही सबब पूर्णपणे खोटी नाही. वेतन आणि निवृत्तिवेतनाचा भार अनेक राज्यांना पेलवत नाही, आणि पाच वर्षांच्या केंद्रीय निधीच्या भरवशावर कायम पदे निर्माण करणे शहाणपणाचे नाही, हा वित्त सचिवांचा आक्षेप रास्त आहे. म्हणून उपाय टप्प्याटप्प्याचे हवेत.

पाच हजार कोटींच्या योजनेत पाचशे कोटी रुपये कायदेशीर आणि पायाभूत सुधारणा करणाऱ्या राज्यांना प्रोत्साहन म्हणून राखून ठेवले आहेत. अशा प्रोत्साहनाचा एक निकष मंजूर पदांपैकी भरलेल्या पदांचे प्रमाण हा असावा. नव्या वाहनाच्या मागणीसोबत त्यावरील तिन्ही पाळ्यांच्या पदांची मंजुरी जोडणे बंधनकारक करावे. नियम एका ओळीचा आहे, पण त्याने मागणीपत्रांचे स्वरूप बदलेल.

दुसरे, जेथे सेवा नगरपालिकांकडे आहे, तेथे भरती, प्रशिक्षण आणि पदोन्नतीसाठी राज्यस्तरीय संवर्ग असावा. नेमणूक मात्र स्थानिक संस्थेत व्हावी. मुख्याधिकाऱ्यांचा असा संवर्ग महाराष्ट्रात आहेच. घटनेने नगरपालिकांना दिलेले कार्य त्यामुळे हिरावले जात नाही. २०२५च्या दुरुस्तीने आपत्ती व्यवस्थापन कायद्यात राज्य आपत्ती प्रतिसाद दलांची तरतूद आली आहे. राष्ट्रीय दलातून परतलेल्या जवानांना त्या दलांत प्रशिक्षक म्हणून येण्याची वाट तेथे खुली करता येईल.

तिसरे, रुग्णवाहिकेच्या प्रत्येक निविदेत एक अट हवी: संस्था बदलली तरी कर्मचारी ज्येष्ठतेसह नव्या संस्थेकडे जातील. २०२१च्या कायद्याने आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञाच्या व्यवसायाला मान्यता दिली आहे. त्या मान्यतेला नोकरीच्या स्थैर्याची जोड मिळाली पाहिजे.

चौथे, आरोग्य. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २०२२ मध्ये अग्निशामकाचा व्यवसाय मानवात कर्करोगास कारणीभूत ठरणाऱ्या बाबींच्या पहिल्या गटात घातला. त्यानंतर तरी वार्षिक तपासणी, प्रत्येक जवान किती आगींना सामोरा गेला याची नोंद आणि निवृत्तीनंतरही चालू राहणारे वैद्यकीय साह्य या गोष्टींना सवलत न मानता सेवाशर्तींचा भाग मानले पाहिजे. भयंकर दृश्ये पाहून परतणाऱ्यांसाठी समुपदेशनाची सोयही त्यातच येते.

हे अशक्य नाही, याचा पुरावा ओडिशा आहे. १९९९च्या महाचक्रीवादळात तेथे सुमारे दहा हजार माणसे मेली. त्यानंतर राज्याने सशस्त्र पोलिसांतून स्वतःचे आपत्ती शीघ्र कृती दल उभारले, निवारे बांधले, गावोगावी स्वयंसेवक तयार केले. २०१३च्या फायलिन वादळात मृतांची संख्या काही दहांत राहिली. त्या यशात हवामानाच्या अंदाजाचा आणि लाखो लोकांच्या वेळेवर झालेल्या स्थलांतराचा वाटा मोठा होता. पण अंदाज ऐकून रात्री दार ठोठावणारी, पडलेले झाड कापून रस्ता मोकळा करणारी माणसे आधीपासून नेमलेली, शिकवलेली आणि त्या कामात टिकलेली होती.

पंधराव्या वित्त आयोगाचा काळ २०२६ मध्ये संपतो. त्या योजनेचे मूल्यमापन होईल, तेव्हा किती बंब घेतले आणि किती केंद्रे बांधली याचा हिशेब मांडला जाईलच. प्रत्येक राज्याने त्याला आणखी एक रकाना जोडावा: या बंबांवर रात्री तीन वाजता किती प्रशिक्षित माणसे हजर असतात? पुढील अनुदानाची रक्कम त्या रकान्यातल्या आकड्यावर ठरली पाहिजे.

(लेखक निवृत्त सनदी अधिकारी आहेत.)