या राहायला, पण मे महिन्यात!

रात्रीचे साडेबारा वाजलेत. उद्या सबमिशन, जर्नल अर्धं कोरं, एक्स्टर्नल कोण येणार याचा पत्ता नाही. आणि अशा वेळी आमच्या रूमवर चर्चा कशावर, तर नोकरी लागल्यावर राहायचं कुठे यावर! हॉस्टेलला राहिलेल्यांना याचं नवल वाटणार नाही. परीक्षेच्या आदल्या रात्री माणूस जितका दूरचा विचार करतो तितका एरवी कधीच करत नाही.

आमचा पार्टनर म्हणाला, "भावा, माझं फिक्स आहे. दोन वर्षं हिंजवडीत काढायची, मग वर्क फ्रॉम होम घ्यायचं आणि थेट भंडारदरा गाठायचं. धरणासमोर छोटंसं घर, सकाळी ट्रेक, दुपारी कोडिंग, रात्री टेंटमध्ये झोप. लाइफ यार, लाइफ!"

बाकीच्या तिघांनी माना डोलावल्या. मी गप्प बसलो. कारण त्याची गोष्ट जिथे संपते तिथून माझी सुरू झाली होती. माझं घर त्याच धरणाच्या वरच्या अंगाला, अकोले तालुक्यातल्या एका वाडीत आहे. आश्रमशाळा, मग अकोल्याचं ज्युनिअर कॉलेज, मग हे इंजिनिअरिंग, असा मी डोंगर उतरत उतरत इथवर आलो. आणि इथे येऊन बघतो तर सगळ्यांना डोंगर चढायचाय! रविवारी नाही, कायमचं.

त्या रात्री मी काही बोललो नाही. म्हणून आता लिहितोय.

आधी एक गोष्ट कबूल करतो. आमचा मुलूख सुंदरच आहे, त्यात वाद नाही. १६४६ मीटरचं कळसूबाई, म्हणजे महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर आमच्या तालुक्यात. हरिश्चंद्रगड, रतनगड, सांदण दरी, सगळं जवळपास. मे संपता संपता झाडं काजव्यांनी अशी लखलखतात की बघत राहावं. (आता ते बघायला इतक्या गाड्या येतात, की हेडलाइटच्या उजेडात काजवेच दिसत नाहीत, हा भाग वेगळा!) पहिल्या वर्षी पुण्यात आलो तेव्हा मला रात्री झोप लागायची नाही. आवाजामुळे नव्हे, बेडकांचा आवाज येत नाही म्हणून.

पण तुम्ही बघता ते ऑगस्टमधलं हिरवंगार आणि जानेवारीतलं गार गार. आमची परीक्षा असते मे महिन्यात.

गंमत बघा. आमच्याकडचं घाटघर म्हणजे जिल्ह्याची चेरापुंजी, वर्षाला पाच हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस. भंडारदऱ्याचं धरण १९२६ साली पूर्ण झालं, आज त्याला शंभर वर्षं होतायत. त्याच्या पाण्यावर खाली संगमनेर, श्रीरामपूर, राहुरीकडे ऊस उभा राहिला, कारखाने उभे राहिले. आणि वरच्या आमच्या वाडीत एप्रिल उजाडला की बायका हंडे घेऊन झऱ्यावर नंबर लावून बसतात. पाऊस पडतो तो कातळावर. कातळ पाणी धरत नाही, उतार थांबू देत नाही. सिव्हिलवाल्यांना रनऑफ म्हणजे काय ते पुस्तकातून शिकावं लागतं, आम्ही ते जून ते मे दरवर्षी बघतो.

विजेचीही तीच तऱ्हा. घाटघरला उदंचन जलविद्युत प्रकल्प आहे, १२५ मेगावॅटचे दोन संच, २००८ साली सुरू झाला. मागणी कमी असेल तेव्हा खालच्या तलावातून वर पाणी चढवायचं, आणि मागणी वाढली की तेच पाणी चारशे मीटरहून जास्त खाली सोडून वीज करायची. म्हणजे डोंगराएवढी बॅटरीच! आमच्या ब्रँचला पॉवर प्लांटच्या विषयात यावर हमखास प्रश्न असतो. ती वीज मोठ्या तारांनी निघून जाते, आणि वाडीवर फीडरच्या शेवटच्या टोकाला संध्याकाळी बल्ब पेटला आहे की विझला आहे यावर वाद होऊ शकतो.

आता माझी खरी गोष्ट सांगतो. थर्ड इयरच्या मे महिन्याच्या सुट्टीत घरी गेलो, तर नळयोजनेची टाकी कोरडी. टाकी नवी, पाइप नवा, उद्घाटनाची पाटी नवी. पंपाची मोटर जळालेली, वर्षात दुसऱ्यांदा. गावात दोन मतं होती. एक, मोटर डुप्लिकेट आहे. दोन, विहिरीच्या जागेला दोष आहे.

मी लॅबमधून सरांना विचारून आणलेला मल्टीमीटर काढला. संध्याकाळी सातला व्होल्टेज मोजलं तर फेजला जेमतेम १७०! मग स्टार्टरचं झाकण उघडलं, तर ओव्हरलोड रिलेला वायर मारून तो बायपास केलेला. झाला खुलासा. व्होल्टेज पडलं की मोटरचा टॉर्क व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात पडतो, पण वर चढवायचं पाणी काही हलकं होत नाही. मोटर जादा करंट ओढते, वाइंडिंग तापतं. रिले बिचारा ट्रिप होऊन तिला वाचवत होता. पण सारखं बंद पडतंय म्हणून कोणीतरी वैतागून त्यालाच गप्प केलं. व्हायवाला मी हे उत्तर अडखळत दिलं होतं. वाडीवर मात्र अगदी स्वच्छ समजलं, कारण समोर माझी आई रिकामा हंडा घेऊन उभी होती.

उपाय काही मोठा नव्हता. राजूरहून मोटर भरून आणली, रिले बदलून नीट सेट केला, आणि पंप रात्री उशिरा किंवा पहाटे व्होल्टेज चांगलं असताना चालवायचा असं ठरलं. पहाटे चारला पंप चालू करायला दोन पोरं तयार झाली. त्या मे महिन्यात टाकीत पाणी राहिलं. मी कॉलेजला परत आलो तो जवळजवळ हिरो होऊनच.

गोष्ट इथे संपली असती तर मी हा लेख लिहिलाच नसता. दिवाळीला घरी गेलो तर रिले पुन्हा बायपास! पहाटे उठणारी ती दोन पोरं कामाला नारायणगावकडे गेलेली. पावसाळ्यात लाइनवर फांदी पडली, फेज गेला, रिले ट्रिप झाला. कोणाला काही कळेना, मग पुन्हा वायर मारली. मी फोनवर सांगू शकलो असतो. पण पावसाळ्यात आमच्याकडे फोनला रेंज असती तर ना!

त्या दिवशी मला एक कळलं. डोंगरात ज्ञान पोचत नाही असं नाही. ते येतं, भाषण करतं, फोटो काढतं आणि शेवटच्या एसटीने परत जातं. आठवड्याच्या कॅम्पने टाकी बांधून होते, ती चालू ठेवायला माणूस तिथे राहायलाच लागतो. दुरुस्ती ही रोजची गोष्ट आहे, ती रोज तिथे असणाऱ्यालाच जमते.

म्हणून पार्टनर, माझं म्हणणं 'येऊ नकोस' असं नाही. ये, जरूर ये. तू कोणाच्या तरी घराची खोली भाड्याने घेतलीस, त्यांच्याकडे जेवलास, तर त्या घरातल्या पोराला टोमॅटो तोडायला शंभर किलोमीटर जावं लागणार नाही. हा फायदा मी नाकारत नाही. तुला मोकळी हवा हवी आहे यातही काही गुन्हा नाही. पण चार गोष्टी ऐकून घे.

धरणासमोर प्लॉट घ्यायचं डोक्यातून काढ. आदिवासींची जमीन बिगर-आदिवासीला सरकारी परवानगीशिवाय विकता येत नाही, आणि तो कायदा उगाच केलेला नाही. एजंट म्हणेल 'सगळं होऊन जातं'. ते ज्या मार्गाने होतं त्यात कोणाची तरी भाताची खाचरं जातात.

आलास तर मे महिन्यात ये, आणि पुढचा पूर्ण पावसाळा काढ. आठ-आठ दिवस झड लागते, सूर्य दिसत नाही. कपडे वाळत नाहीत, पुस्तकांना बुरशी येते, लॅपटॉपचं काय होतं ते विचारूच नकोस. रस्त्यावर दरड आली की दूध नाही, एसटी नाही. रात्री कोणाला साप चावला तर झोळी करून न्यावं लागतं, आणि झोळीला खांदा द्यायला तुलाही उठवतील. त्यानंतरही तुला तिथेच राहावंसं वाटलं, तर तू आमचा.

तुझं काम असं असू दे की वाडीला तुझ्या दारात यावं लागेल. दिवसभर तू अमेरिकेतल्या कुठल्या तरी ॲपचं बटण निळ्याचं हिरवं करत बसणार असशील, तर तू डोंगरात राहतोस हे फक्त तुझ्या खिडकीला माहीत. पण संध्याकाळचा एक तास तरी दे. मोटर, सोलर पंप, दाखल्याचा ऑनलाइन फॉर्म, पोरांची गणितं, काहीही. इंजिनिअर म्हटल्यावर आमच्याकडे टीव्हीपासून भाताच्या गिरणीपर्यंत सगळं दुरुस्त करायला बोलावतात. ब्रँच कुठली ते कोणी विचारत नाही!

आणि शिकवायला येऊ नकोस, आधी शिकायला ये. आमच्याच तालुक्यात, कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे कधी शाळेत गेल्या नाहीत. त्यांनी गावरान बियाणं जपलं, त्याची बँक उभी केली आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. कुठला झरा मे महिन्यातही आटत नाही हे माझी आई कुठल्याही सर्व्हेशिवाय सांगते. तुझा जीपीएस तिच्यानंतर.

आता तुम्ही विचाराल, दुसऱ्यांना एवढं सांगणारा हा बाबा स्वतः काय करतोय? रास्त प्रश्न आहे.

माझ्याकडे दोन कागद आहेत. एक कॅम्पसमधून मिळालेलं पुण्याच्या कंपनीचं ऑफर लेटर. दुसरं, आमच्याच भागात पाणीयोजना आणि सोलर पंपांच्या देखभालीचं काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेचं पत्र, पगार पहिल्याच्या निम्म्याहून कमी. शिवाय डोक्यावर शैक्षणिक कर्ज. दुसऱ्या कागदाचं घरी सांगितलं तेव्हा वडील बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "अरे, परत इथंच यायचं होतं तर शिकलास कशाला? म्हसरं काय वाईट होती?"

त्यांचं चूक नाही. माझा हप्ता भरायला त्यांनी दोन हंगाम नारायणगावला काढलेत. त्यांना पोरगा डोंगरातून बाहेर काढायचा होता, आणि तो बाहेर निघाला. आता तोच परत यायचं म्हणतो. तुमच्यासाठी डोंगर म्हणजे सुटका असेल, त्यांच्यासाठी तो सुटायची जागा होता. हे सोडवायचं कुठलं सूत्र माझ्याकडे नाही.

शेवटी मी त्यांना एवढंच म्हणालो, की दोन वर्षं द्या. हप्ता मी भरेन, कसाबसा का होईना. दोन वर्षांनी नाहीच जमलं तर पुण्याला जाईन, डिग्री काही कुठे पळून जात नाही. ते 'बरं' म्हणाले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी सकाळी पडवीतली कोपऱ्यातली जागा झाडून ठेवली. "तुझं सामान इथं मावंल," म्हणाले. मी ते 'हो' समजलो.

तेव्हा जूनमध्ये मी चाललो. भीती वाटते का? वाटते. वर्षभराने तुमच्यापैकी कोणी गाडीचा फोटो पाठवेल तेव्हा पोटात कालवेल, हेही माहीत आहे.

जाता जाता स्टाफला एक विनंती. सर, मॅडम, दरवर्षी फायनल इयरचे कितीतरी प्रोजेक्ट होतात आणि रिपोर्ट बाइंडिंग करून कपाटात जातात. त्यातले दोन-चार तरी एखाद्या वाडीवरच्या खऱ्या पंपावर, खऱ्या टाकीवर होऊ द्या. आणि मार्क देताना एकच अट घाला, की पुढच्या वर्षीच्या बॅचने तिथे जाऊन ते अजून चालू आहे का ते बघून यायचं. रिले बायपास केलेला असेल तर का केला, ते विचारून यायचं. तेवढ्या एका फेरीत जे कळेल ते सहा सेमिस्टरमध्ये कळत नाही, हा स्वानुभव.

आणि पार्टनर, तुझ्यासाठी पडवीत अजून एक जागा आहे. टेंट आणू नकोस, कौलं चांगली आहेत. फक्त पहाटे चारला पंप चालू करायची पाळी तुझी!