दोष फायलीचा नाही

मैफलीच्या मध्यंतरात चहाच्या रांगेत उभे राहा, कोणीतरी हमखास म्हणतं, "फोनवर गाणं ऐकणं म्हणजे गाण्याची विटंबना. ऐकायचं तर एल.पी.वर." तिथून निघून मोबाइलच्या दुकानात जा. काउंटरवरचा पोरगा सांगतो, "सर, हाच घ्या. हाय-रेस ऑडिओ, डॉल्बी अ‍ॅटमॉस, फोरके व्हिडिओ." ही दोघं समोरासमोर आली तर भांडतील, पण मूळ समजूत दोघांची एकच आहे: दर्जा म्हणजे आकडा, आणि आकडा मोठा तर दर्जा मोठा. एकाला वाटतं फोन तो आकडा कधीच गाठणार नाही. दुसरा म्हणतो गाठलाय, फक्त पन्नास हजार मोजा.

माझा दोघांनाही विरोध आहे. फायलीतले आकडे केव्हाच पुरेसे झालेत. फोनवरचं गाणं आणि सिनेमा बिघडतात ते भलतीकडेच, आणि तिथे बोट ठेवायला यांतलं कोणी तयार नाही.

आधी एल.पी.वाल्यांचा पूर्वपक्ष घेऊ, कारण तो जास्त अभ्यासू आहे. ते म्हणतात, सीडीवर सेकंदाला ४४,१०० नमुने घेतात, म्हणजे सलग सुराचे तुकडे पडले. एमपीथ्रीत त्यातलेही बरेच फेकून देतात. मग मींड कुठे उरली? ऐकायला पटतं. पण ४४,१०० हा आकडा कोणी चिठ्ठी टाकून काढलेला नाही. कंपनाच्या दुपटीहून जास्त वेळा नोंद घेतली की ते कंपन सलगच्या सलग परत उभं करता येतं, हे गणितानं सिद्ध झालेलं आहे. माणसाचा कान फार तर २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो, आणि पन्नाशीनंतर त्याची मजल बरीच अलीकडे थांबते. नमुन्यांमधली पोकळी ऐकू येते असं सांगणारे बहुतेक रसिक साठीच्या पुढचे असतात, हे इथे जाता जाता नोंदवतो.

तर्क पुरे, परीक्षेचं बोलू. २००७ मध्ये अमेरिकेत ब्रॅड मायर आणि डेव्हिड मोरन यांनी उच्च दर्जाच्या डिस्कचा आवाज एकदा थेट ऐकवला आणि एकदा तोच मध्ये सीडीच्या दर्जाला उतरवून. कोणता कुठला ते ऐकणाऱ्यांनी सांगायचं होतं. ५५४ प्रयत्नांत २७६ उत्तरं बरोबर आली. नाणं उडवलं असतं तरी एवढीच आली असती. प्रतिपक्षाची बाजूही लपवत नाही: लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातल्या जोशुआ राइस यांनी २०१६ मध्ये अशा १८ प्रयोगांची, साडेबारा हजारांवर प्रयत्नांची एकत्र छाननी केली, तेव्हा बरोबर उत्तरं ५२.३ टक्के भरली. तयार कानांची त्याहून थोडी जास्त. फरक शून्य नाही, मान्य. पण नीट मांडलेल्या प्रयोगात, चांगल्या यंत्रणेवर, पन्नासाचे बावन्न झाले. ते बावन्न दादरच्या फलाटावर ऐकू येतील म्हणणाऱ्याला काय सांगायचं?

एमपीथ्रीबद्दलचा राग मात्र निराधार नव्हता. २००० च्या आसपास १२८ किलोबिटच्या, कशाही बनवलेल्या फायली हातोहात फिरत, त्यांत टाळ्यांचा कडकडाट पाण्याच्या खळखळीसारखा वाजे. ते ज्यांनी ऐकलं त्यांचं मन विटलं ते विटलंच. आजच्या २५६ किलोबिटच्या एएसी फायलीला तोच न्याय लावणं म्हणजे नातवाला आजोबांचं कर्ज फेडायला लावणं झालं.

आणि 'पूर्वी कसं खरं ऐकू यायचं' हे पालुपद? पूर्वी म्हणजे नेमकं कधी? १९०२ साली कलकत्त्यात गौहर जान ध्वनिमुद्रणासाठी गायल्या तेव्हा मायक्रोफोन नव्हता. कर्ण्यासमोर तोंड करून गायचं आणि जेमतेम तीन मिनिटांत राग आवरायचा. गोव्यातल्या केरीच्या केसरबाईंची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर सूर्यमालेबाहेर जायला निघाली. तिची लांबी साडेतीन मिनिटं. गीतरामायण १९५५ मध्ये पुणे आकाशवाणीवरून घरोघर पोचलं ते मध्यम लहरींवरून. या लहरींवर साधारण पाच हजार हर्ट्झच्या वरचं फारसं काही पोचतच नसे, त्यात भर वीज कडाडली की खरखर. लोक रेडिओला हार घालून ऐकत. आज पाचशे रुपयांच्या तारेच्या इयरफोनवर तेच गीत त्याहून कितीतरी स्वच्छ ऐकू येतं. जुनं खरखरत होतं म्हणून आज काहीही चालवून घ्या, असं मी म्हणत नाही. मी एवढंच म्हणतो की सुवर्णकाळाचा दाखला द्यायचा तर तो नीट तपासून द्यावा.

एल.पी.वाल्यांचं एक गाऱ्हाणं शंभर टक्के खरं आहे, फक्त ते चुकीच्या आरोपीवर दाखल झालंय. फोनच्या स्वतःच्या स्पीकरवर ऐकलेलं गाणं खरोखरच अर्धं असतं. त्यात फायलीचा काही संबंध नाही. नखाएवढा पडदा हलून हलून किती हवा हलवणार? बहुतेक फोनचे स्पीकर तीन-चारशे हर्ट्झच्या खाली झपाट्यानं गळतात. तबल्याचा डग्गा घ्या: थाप ऐकू येते, घुमारा गायब, घिस्सा तर नुसता घासल्यासारखा.

तंबोऱ्याची गोष्ट याहून मजेची आहे. काळी एकमध्ये गाणाऱ्या गायकाच्या तंबोऱ्यात खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्झला बोलते. एवढा खालचा सूर फोनच्या स्पीकरमधून निघणं शक्यच नाही. तरीही फोनवर खर्ज ऐकू येतो! कारण जवारीतून त्या तारेचे वरचे स्वयंभू सूर भरभरून सुटतात: १३८, २०७, २७६, ३४५ आणि पुढे कितीतरी. त्यांच्यातलं ६९ चं अंतर पकडून मेंदू मूळ सूर स्वतःच भरून काढतो. ही जवारी तारेच्या कंपनाच्या प्रस्थापित नियमात बसत नाही, हे चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ मध्येच दाखवून दिलं होतं. मिरजेचे कारागीर घोडीवर दोरा सरकवत जे साधतात, त्याच्या जिवावर दीड इंची खोक्यातला खर्ज उभा राहतो. डग्ग्याच्या नशिबी एवढी श्रीमंत स्वरावली नाही, म्हणून तो मार खातो.

तेव्हा स्पीकर बंद करा आणि तारेचा इयरफोन लावा, इतका साधा उपाय होता. तो कंपन्यांनी अवघड करून ठेवला. २०१६ मध्ये आयफोन ७ मधून हेडफोनचं भोक गेलं, तेव्हा बाकीच्यांनी खिल्ली उडवली आणि मग एकेकानं आपलंही भोक बुजवलं. आता सगळं ब्लूटूथवर. २०२१ मध्ये अ‍ॅपलनं जराही काटछाट नसलेलं संगीत जादा पैसे न घेता द्यायला सुरुवात केली, चांगलं केलं; पण सीडीच्या दर्जाला सेकंदाला १,४११ किलोबिट लागतात, आणि साध्या ब्लूटूथची एसबीसी पद्धत ३२८ च्या आसपास अडते. सोनीची एलडॅक अगदी अनुकूल स्थितीत ९९० पर्यंत जाते. म्हणजे 'लॉसलेस' लिहिलेली फाइल बहुतेक बिनतारी इयरबड्समध्ये काटछाट होऊनच शिरते. मला त्या काटछाटीचं दुःख नाही, वर सांगितलंच. माझा आक्षेप जाहिरातीला आहे.

चित्राकडे येऊ, तिथे दुकानदाराचं पारडं आणखी हलकं आहे. डोळ्याला सुटे दिसणारे दोन ठिपके साधारण एका कलेइतक्या, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाइतक्या कोनात असावे लागतात. फोन ३० सेंटिमीटरवर धरला तर हे अंतर ०.०८७ मिलिमीटर येतं; इंचाला २९० ठिपके. २०१० च्या आयफोन ४ मध्ये ३२६ होते. हिशेब तिथेच संपला होता. टॅब्लेट आपण आणखी लांब, मांडीवर किंवा टेबलावर ठेवतो, त्याला २०० पुरतात. तरी २०१५ मध्ये सोनीनं साडेपाच इंचांत फोरके बसवलं, इंचाला ८०६ ठिपके, आणि बॅटरी वाचावी म्हणून तो फोन बहुतेक वेळ स्वतःच १०८० वर चाले. निर्मात्यानंच दिलेल्या या कबुलीवर मी आणखी काय बोलू?

मग फोनवर चित्र वाईट दिसतं ते का? ठिपके कमी म्हणून नव्हे, प्रत्येक ठिपक्याच्या वाट्याला माहिती कमी म्हणून. धुकं, पाऊस, अंधार, उडणारा गुलाल: अशा दृश्यांना बिटा जास्त लागतात, आणि नेमकं तिथेच चित्राचे चौकोन पडतात. २०१९ मध्ये 'गेम ऑफ थ्रोन्स'मधल्या रात्रीच्या लढाईच्या भागावर 'काही दिसतच नाही' म्हणून जगभर ओरड झाली, तिच्यामागे अंधारात केलेल्या छायाचित्रणाइतकीच ही कंजुषीही होती. १०८० चं लेबल लावून उपाशी ठेवलेल्या चित्रापेक्षा पोटभर बिटा मिळालेलं ७२० केव्हाही सरस.

दुसरं कारण कुलपांचं. अँड्रॉइड फोनमध्ये नक्कलबंदीची वाइडवाइन नावाची व्यवस्था असते, आणि तिची वरची पायरी ज्या फोनला मिळालेली नाही त्याला मोठी सिनेमा-अ‍ॅप्स हाय डेफिनिशन देतच नाहीत. डब्यावर 'फुल एचडी प्लस', आत ४८०. दुकानात याबद्दल चकार शब्द नसतो. भारतासाठी २०१९ मध्ये आलेली नेटफ्लिक्सची मोबाइल योजना ४८० चीच होती, पण ते निदान उघड सांगितलेलं होतं. माझी तक्रार न सांगण्याबद्दल आहे.

२०२० च्या मार्चअखेरीस टाळेबंदीत नेटवर्कवरचा ताण कमी करायला सगळ्या मोठ्या सेवांनी मोबाइल डेटावरचं चित्र ४८० वर आणलं. त्याच आठवड्यात दूरदर्शननं १९८७ ची 'रामायण' मालिका पुन्हा लावली आणि देश तिच्यासमोर बसला. यावरून लोकांना दर्जा कळत नाही असा निष्कर्ष काढणारे निघाले. तो मला मुळीच मान्य नाही. लोकांना आवाज स्पष्ट आला नाही तर लगेच कळतं. मालिकेत पुटपुटणारा नायक आणि मागे धडाधड वाजणारं संगीत यांना कंटाळून घरोघर सबटायटल्स लावतात, तीही स्वतःच्या मातृभाषेतल्या मालिकेला. थिएटरात संवादांना मधला स्वतंत्र स्पीकर असतो. फोनमध्ये सगळा ऐवज दोन बारीक भोकांत कोंबतात. फोनसाठी वेगळं मिश्रण करून देणं अवघड नाही. पण त्यानं डब्यावर चिकटवायला नवं लेबल मिळत नाही ना!

सगळ्यात मोठी हानी जिथे होते तिचा तर कोणत्याच आकड्यात पत्ता नाही. पुण्या-मुंबईतले कितीतरी गुरू आज न्यू जर्सी, सिंगापूर, दुबईतल्या मराठी घरांतल्या मुलांना टॅब्लेटवरून गाणं शिकवतात. शिष्येनं तंबोरा लावला, 'सा' धरला. पहिले दोन-तीन सेकंद गुरूंना दोन्ही ऐकू आलं, मग तंबोरा हळूहळू विरला आणि उघडा गळा उरला. लांब धरलेला 'सा'ही मध्येच खचला. गुरू म्हणतात, "अगं, तंबोरा का बंद केलास?" ती म्हणते, "नाही बाई, चालूच आहे." घडलेलं असतं ते असं: बोलण्याखेरीज जे काही सतत एकसारखं वाजतं तो गोंगाट, असं कॉलच्या अ‍ॅपला शिकवलेलं आहे. पंखा, एसी, तंबोरा, सगळे एकाच माळेचे मणी. इथे फोरके कॅमेरा किंवा हाय-रेसचं लेबल काय कामाचं? झूममध्ये ही गाळणी बंद करायची संगीतकारांसाठीची सोय आहे, पण ती सेटिंग्जमध्ये शोधून काढावी लागते आणि कित्येक शिक्षकांना ती असल्याचंच माहीत नाही.

म्हणून माझी मागणी आकड्यांची नाही. अ‍ॅपनं या क्षणी प्रत्यक्षात काय वाजतंय आणि काय दिसतंय ते पडद्यावर लिहावं. नक्कलबंदीची पायरी डब्यावर छापावी. कॉल करणाऱ्या प्रत्येक अ‍ॅपमध्ये 'गाणं' असं एक बटण समोर असावं. हेडफोनचं भोक परत मिळालं तर कोणाचं काही बिघडणार नाही.

"हे सगळं ठीक आहे, पण मला फरक ऐकू येतो," असं अजूनही कोणी म्हणेल, तर त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही; करून बघावं. एकाच मूळ रेकॉर्डिंगच्या दोन फायली घ्या, एक मोठी आणि एक २५६ किलोबिटची. दोन्हींची आवाजाची पातळी काटेकोर सारखी करा, कारण किंचित मोठं वाजलेलं नेहमी चांगलं वाटतं आणि दुकानातली अर्धी किमया त्यातच असते. फोन घरातल्या दुसऱ्या कोणाच्या हाती द्या, पाठ फिरवून बसा आणि वीस वेळा ओळखा. अठरा बरोबर आली तर मोठ्या फायलीचे पैसे खुशाल भरा, मीही तुमचा कान मानीन. दहा-अकरा आली, तर तेच पैसे बाहेरचा आवाज अडवणाऱ्या तारेच्या इयरफोनवर घाला. लोकलमध्ये आवाज कमी ठेवूनही डग्गा ऐकू येईल.