अभ्याससहल : दर्शनही नाही, अभ्यासही नाही

साहित्याच्या विद्यार्थ्यांना पाच-सहा दिवस लंडनला नेऊन आणण्याचा जो प्रघात आपल्याकडील काही महाविद्यालयांत आणि खाजगी विद्यापीठांत रूढ होऊ लागला आहे, त्याला 'अभ्याससहल' असे भारदस्त नाव आहे. या जोडशब्दातील दुसऱ्या पदाविषयी आमची तक्रार नाही. सहल ही निरुपद्रवी आणि आनंदाची गोष्ट आहे. तरुण वयात ती जितकी घडेल तितकी चांगली. तक्रार आहे ती पहिल्या पदाविषयी. हे पद जोडले की सहलीला विभागाची मान्यता मिळते, पालकांना खर्चाचे समर्थन मिळते, विद्यार्थ्याला प्रमाणपत्र मिळते आणि शिक्षकाच्या वार्षिक अहवालात एक ओळ वाढते. ज्याच्या नावावर हे सारे मिळते, तो अभ्यास मात्र कोणत्या दिवशी, किती वाजता आणि कोणत्या टेबलाशी बसून झाला, असे विचारले तर उत्तर येत नाही.

या सहलींची कार्यक्रमपत्रके एकाच साच्यातून काढल्यासारखी असतात. पहिल्या दिवशी नगरदर्शन. दुसऱ्या दिवशी शेक्सपिअरचे ग्लोब नाट्यगृह आणि थेम्सवरील नौकाविहार. तिसऱ्या दिवशी डिकन्सचे घर, बेकर स्ट्रीट, सायंकाळी मोकळा वेळ. चौथ्या दिवशी ऑक्सफर्ड किंवा स्ट्रॅटफर्ड, जाऊन-येऊन. पाचव्या दिवशी ब्रिटिश म्युझियम, वेळ उरल्यास ब्रिटिश लायब्ररी, आणि खरेदी. एका ठिकाणी सरासरी तास-दीड तास. त्यातला निम्मा रांगेत, आणि उरलेल्यातला निम्मा छायाचित्रांत.

आता या थांब्यांकडे साहित्याच्या विद्यार्थ्याच्या नजरेने पाहावे. आज दिसणारे ग्लोब नाट्यगृह १९९७ साली खुले झाले. १५९९ साली उभे राहिलेले मूळ नाट्यगृह १६१३ मध्ये जळाले, पुन्हा बांधले गेले आणि १६४२ मध्ये बंद पडले. त्याची जागा आजच्या इमारतीपासून थोड्या अंतरावर, पार्क स्ट्रीटवर आहे. पुनर्रचना असणे हा काही दोष नव्हे. उलट, उघड्या आकाशाखाली, उजेडात, प्रेक्षक आणि नट एकमेकांना दिसत असताना नाटक कसे चालत असेल, हे करून पाहण्याची ती एक प्रयोगशाळाच आहे. पण प्रयोगशाळेत प्रयोग पाहावा लागतो. रंगमंचासमोरच्या अंगणात उभ्याने नाटक पाहण्याची तिकिटे तेथे सर्वांत स्वस्त असतात. तीन तास पाय दुखेपर्यंत उभे राहिलेल्या विद्यार्थ्याला स्वगत कोणाला उद्देशून असते, हे जितके कळेल, तितके रिकाम्या नाट्यगृहातील चाळीस मिनिटांच्या फेरीतून कळणार नाही. आणि कार्यक्रमपत्रकात असते ती नेमकी ही फेरी.

बेकर स्ट्रीटची गोष्ट याहून बोलकी आहे. २२१-ब या क्रमांकाचे शेरलॉक होम्सचे घर म्हणून जे दाखवले जाते, ते १९९० साली उघडलेले खाजगी संग्रहालय आहे. त्या रस्त्यावर ते २३७ आणि २४१ या क्रमांकांच्या मध्ये येते. कॉनन डॉयल यांनी पहिल्या कथा लिहिल्या तेव्हा त्या रस्त्यावर २२१ हा क्रमांकच नव्हता. जो माणूस जन्मला नाही, त्याच्या, जे घर नव्हते, त्या घरातील खुर्चीत बसून आपले विद्यार्थी छायाचित्र काढून घेतात! कल्पित पात्राला पत्ता कसा मिळतो, वाचकांची श्रद्धा वास्तूला कशी जन्म देते, हा वाचनव्यवहाराच्या अभ्यासाचा उत्तम विषय आहे. तो तेथे उभ्या उभ्या कोणी मांडला, तर बेकर स्ट्रीटची भेट सार्थकी लागेल. तो मांडला जात नाही, कारण मांडायचे तर आधी घरी त्याची तयारी करावी लागते.

यावर कोणी म्हणेल की हे साहित्यिक तीर्थाटन आहे, आणि तीर्थाटनाला एवढे प्रश्न विचारू नयेत. आमचे म्हणणे असे की तीर्थाटन ही तुलनाच या सहलींना पेलणारी नाही. पंढरीची वाट पायी चालणारा वारकरी मुखी अभंग घेऊन निघतो. विठ्ठलासमोर त्याला क्षणभरच उभे राहायला मिळते, पण त्या क्षणाच्या मागे आठवड्यांची चाल आणि आयुष्यभराचे पाठांतर उभे असते. म्हणून तो क्षण पुरतो. आपल्या सहलीत क्षण तेवढाच असतो, आणि मागे काहीच नसते. पाच दिवस कमी आहेत, हा आमचा आक्षेप नाहीच. पाच दिवस पुष्कळ झाले. त्या पाच दिवसांच्या आधीचे पाच महिने रिकामे आहेत, हा आमचा आक्षेप आहे.

लंडन हे मराठी माणसाला नवे शहर नाही, हे या ठिकाणी आठवावेसे वाटते. साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह यांना १८३९ मध्ये पदच्युत केल्यावर त्यांची बाजू मांडण्यासाठी गेलेले रंगो बापूजी सुमारे चौदा वर्षे लंडनमध्ये राहिले. पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या. त्या प्रवासाचे त्यांनी पत्ररूपाने लिहिलेले वर्णन त्याच वर्षी मराठीत प्रसिद्ध झाले. टिळक १९१८ मध्ये गेले ते व्हॅलेंटाईन चिरोल याच्याविरुद्धचा अब्रुनुकसानीचा दावा लढवण्यासाठी. डॉ. आंबेडकर १९१६ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले, शिष्यवृत्ती संपल्याने त्यांना परतावे लागले, १९२० मध्ये ते पुन्हा गेले आणि रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध पूर्ण करूनच थांबले. पु. ल. देशपांडे यांच्या 'अपूर्वाई'मागेही दूरचित्रवाणीचे प्रशिक्षण हे निमित्त होते. या माणसांचे विचार एकमेकांशी जुळणारे नाहीत, काळ वेगळे, प्रयोजने वेगळी. पण यांतला प्रत्येक जण काही काम घेऊन गेला होता, आणि त्यांचे लंडन त्या कामातून दिसलेले आहे. मराठीतील चांगले प्रवासलेखनही बव्हंशी अशा कामाच्या कडेकडेने जन्मलेले आहे.

या इतिहासाचे आपण काय केले? किंग हेन्रीज रोडवरील दहा क्रमांकाचे घर, जेथे डॉ. आंबेडकर १९२१-२२ च्या सुमारास राहत, ते महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये विकत घेतले. चांगलेच केले. आता सहलीची गाडी तेथेही थांबू शकते. पण ज्या वाचनालयात ते दिवसभर बसून असत, असे चरित्रकार सांगतात, त्या वाचनालयाच्या वारशाकडे कोणी फिरकत नाही. घर पाहायला वीस मिनिटे लागतात. वाचनालयात बसायला वाचता यावे लागते. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील वाघनखे जुलै २०२४ मध्ये साताऱ्याला आली, तेव्हा झालेले स्वागत सर्वांनी पाहिले. ती शिवछत्रपतींनीच वापरलेली होती, याची खातरजमा करता येत नाही, असे त्या संग्रहालयाचे स्वतःचेच म्हणणे होते. तरीही वस्तू आली याचा आनंद झाला. तिच्याविषयीचा कागद काय सांगतो, हे विचारणारे थोडे निघाले आणि त्यांच्याकडे संशयाने पाहिले गेले. वस्तूपुढे हात जोडायचे आणि कागदाकडे पाठ फिरवायची, हा आपला सार्वजनिक स्वभाव आहे. अभ्याससहल त्याच स्वभावाचे शैक्षणिक रूप आहे.

कागद तर लंडनमध्ये ढिगांनी आहे, आणि तो आपलाच आहे. १८६७ च्या पंचविसाव्या कायद्याने हिंदुस्थानात छापल्या जाणाऱ्या प्रत्येक पुस्तकाची नोंद होऊ लागली आणि मुंबई इलाख्याच्या त्रैमासिक याद्या निघू लागल्या. या याद्यांत पुस्तकाचे नाव, भाषा, लेखक, विषय, मुद्रक, प्रकाशक, पृष्ठे, आकार, आवृत्ती, ते शिळाछापाचे की खिळाछापाचे, प्रती किती आणि किंमत काय, असे रकाने असत. साहित्याच्या इतिहासकाराला याहून मोलाचे काय हवे? ताराबाई शिंदे यांची 'स्त्रीपुरुष तुलना' १८८२ मध्ये निघाली, ती पाचशे प्रतींत, नऊ आणे किमतीला. या दोन आकड्यांपाशी थांबले की त्या पुस्तकाचा वाचक कोण असू शकत होता, हा प्रश्न अटळ होतो, आणि तेथून टीका सुरू होते. अशा शेकडो पुस्तकांचे आकडे त्या रकान्यांत आहेत. या याद्यांवरून निवडलेली पुस्तके ब्रिटिश म्युझियमकडे आणि इंडिया ऑफिसकडे जात. म्युझियममधील मराठी आणि गुजराती छापील पुस्तकांची ब्लूमहार्ट यांनी केलेली सूची १८९२ मध्ये प्रसिद्ध झाली. ती आज आंतरजालावर घरबसल्या चाळता येते. हे दोन्ही संग्रह आता ब्रिटिश लायब्ररीत आहेत, आणि सेंट पँक्रसच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आशिया व आफ्रिकाविषयक वाचनकक्ष आहे.

आपले विद्यार्थी त्या इमारतीत जातात. खालच्या दालनात काचेआड ठेवलेला मॅग्ना कार्टा पाहतात, दुकानातून पेन्सिली घेतात आणि बाहेर पडतात. त्यांच्या डोक्यावर दोन-तीन मजल्यांवर, त्यांच्याच भाषेतील पुस्तके मागवून वाचण्याची सोय आहे, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. आम्हांला या सहलींतील सर्वांत खेदाची गोष्ट हीच वाटते.

आक्षेप येतील. पहिला असा की चाळीस जणांचा जथा वाचनकक्षात बसत नाही. खरे आहे, म्हणून चाळीस जणांचा जथा नेऊ नये. आठ न्यावेत, किंवा चाळिसांच्या आठ तुकड्या करून प्रत्येकीला वेगळे काम द्यावे. दुसरा असा की प्रवेशाची कटकट फार. रीडर पास विनामूल्य आहे. ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा आणि आपल्याला काय पाहायचे आहे याची माहिती लागते. काही ग्रंथ यॉर्कशायरमधील बॉस्टन स्पा येथील भांडारातून यावे लागतात, त्याला वेळ लागतो. ऑक्टोबर २०२३ च्या सायबर हल्ल्यात या ग्रंथालयाची सूचीच बंद पडली होती आणि ती सुरू होण्यास जानेवारी २०२४ उजाडला. म्हणजे आधी पत्रव्यवहार हवा, मागणी आधी नोंदवायला हवी, कोणते पुस्तक उपलब्ध आहे हे निघण्यापूर्वी ठाऊक हवे. ही कटकट नव्हे. अभ्यास म्हणतात तो यालाच.

तिसरा आक्षेप इंग्रजीच्या विभागांचा असेल : आमचा विषय मराठी पुस्तके नव्हे. मान्य. मग व्हर्जिनिया वुल्फची १९२५ सालची 'मिसेस डॅलोवे' घ्या. क्लॅरिसा वेस्टमिन्स्टरहून बाँड स्ट्रीटपर्यंत फुले आणायला निघते, आणि बिग बेनचे ठोके त्या दिवसाला मोजत राहतात. वर्गात ती कादंबरी सहा आठवडे वाचा, तिचा नकाशा विद्यार्थ्यांकडून काढून घ्या, आणि मग तो रस्ता एका सकाळी पुस्तक हातात धरून चाला. पात्राच्या मनातील काळ आणि पायाखालचे अंतर यांचा मेळ कुठे बसतो आणि कुठे लेखिकेने तो मुद्दाम मोडला आहे, हे तेथेच तपासता येईल. त्या एका सकाळीला नौकाविहार, बेकर स्ट्रीट आणि नगरदर्शन यांची सर येणार नाही. शिवाय त्याला तिकीट लागत नाही.

चौथी गोष्ट आक्षेप नव्हे, वास्तव आहे. आणि तीच सर्वांत गंभीर आहे. लंडनचा खर्च लाखांत जातो. वर्गातील जी मुले तो करू शकतात ती जातात; जी वसतिगृहाच्या खानावळीचे पैसे कसेबसे भरतात ती राहतात. सहलीला गुण किंवा श्रेयांक जोडले, की आपण पालकांच्या ऐपतीला गुण देऊ लागतो. हे आम्हांला सरळ अन्याय्य वाटते. यावर उपाय सहली बंद करणे एवढाच नाही. जाणाऱ्यांनी न जाणाऱ्यांचे काम घेऊन जावे आणि सर्वांच्या उपयोगाचे काही घेऊन यावे, हा उपाय आहे. नागपूरच्या किंवा कोल्हापूरच्या एखाद्या विद्यार्थिनीला आपल्या प्रबंधासाठी १८७० च्या दशकातील एका नाटकाचे मुखपृष्ठ, प्रस्तावना, प्रतींची संख्या हवी असते. तिच्यासाठी कोणी लंडनला गेलेला वर्गमित्र एक दुपार त्या कक्षात बसला आणि काळजीपूर्वक नक्कल करून परतला, तर त्या सहलीने मराठी अभ्यासाला काही दिले, असे म्हणता येईल.

तेव्हा साहित्यविभागांकडे आमचे मागणे थोडके आहे. सहलीपूर्वी निदान एक सत्रभर त्या शहराशी निगडित एखादा ग्रंथ किंवा संग्रह शिकवला जावा. प्रत्येक विद्यार्थ्याने निघण्यापूर्वी एक प्रश्न लिहून द्यावा, आणि परतल्यावर त्याचे उत्तर, किंवा उत्तर का मिळाले नाही याची हकिकत द्यावी. आणलेल्या नोंदी विभागाच्या ग्रंथालयात सर्वांसाठी ठेवाव्यात. या सहलीवरून कोणालाही गुण मिळू नयेत. एवढे जमत नसेल, तर पत्रकावर नुसते 'सहल' असे छापावे. मुले आनंदाने जातील, आनंदाने येतील, आणि निदान एका शब्दाची अब्रू वाचेल.