मनाला वाटलं म्हणजे झालं?

"मला आधीच वाटलं होतं गं!" हे वाक्य कधी बोलली नाही अशी बाई शोधून सापडायची नाही. उजवा डोळा लवला आणि माहेरचा वाईट निरोप आला. मनात पाल चुकचुकली आणि तिकडे पोराची गाडी घसरली. भिशीला हा विषय निघाला की चहा गार होतो, किस्से संपत नाहीत. सांगणारी खोटं बोलत नसते. तिला खरंच तसं वाटलेलं असतं. प्रश्न एवढाच, की त्या वाटण्यावरून आपण काय सिद्ध झालं असं धरून चालतो?

पोरगं बाहेरगावी असलं की आईच्या मनात पाल दिवसातून दहादा चुकचुकते. ते सुखरूप घरी आलं की ती विसरली जाते. एकदा काही घडलं, की तेवढी जन्मभर लक्षात राहते. आमच्या बचत गटात मी म्हटलं, दुधाचा हिशेब कॅलेंडरवर मांडता ना, तसं मनात येईल ते त्याच दिवशी मांडा, घडून गेल्यावर नाही. एकीनं मनावर घेतलं. महिनाभरात कॅलेंडर खुणांनी भरलं, जुळली एकच. तर म्हणते, "पण ती एक जुळली की वो!"

मग मनाचं ऐकूच नये का? तसं नाही. पीठ किती मळायचं हे हाताला कळतं, सासूच्या 'बरं' या शब्दातला राग सुनेला कळतो. पण इथं चुकलं की लगेच समजतं, भाकरी तव्यावर मोडते. त्यातूनच मन शहाणं होतं. आणि हे शहाणपणही कधी कमी पडतं. 2005 च्या पुराची खूण धरून 'आमच्या दारात पाणी येत नाही' म्हणणाऱ्या घरांत 2019 ला पंचगंगा शिरली. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी 43 फूट, पाणी 55 फुटांच्या वर गेलं होतं. तिथं मनापेक्षा मोजपट्टी खरी ठरली.

करणीच्या बाबतीत तर भाकरी मोडायची सोयच नाही. बरं वाटलं तर उतारा लागू पडला, नाही वाटलं तर करणी जबर!

आमच्या ओळखीच्या एका घरात नातवाचा ताप उतरेना. आजीनं सांगितलं, "शेजारणीची नजर बघूनच मला आतून कळलं." शेजारीण विधवा, एकटी राहणारी. नळावर तिची बादली मागं सरकवली जाऊ लागली. रक्त तपासलं तर टायफॉइड निघाला, औषधानं पोरगं खेळायला लागलं. शेजारणीकडे मात्र कोणी गेलं नाही. मला एक कळत नाही, हे 'आतून कळणं' नेहमी विधवेवर, मूल नसलेलीवर, एकटीवरच कसं बोट ठेवतं? सरपंचाच्या बायकोबद्दल कधी कुणाला आतून कळल्याचं मी तरी ऐकलं नाही.

डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी ज्या कायद्यासाठी अनेक वर्षं झगडा दिला, त्याचा वटहुकूम 20 ऑगस्ट 2013 ला त्यांचा खून झाल्यावर काही दिवसांत निघाला आणि त्याच डिसेंबरात कायदा झाला. अमकी करणी करते असं पसरवून तिचं जगणं मुश्कील करणं हा त्यात गुन्हा आहे, सहा महिने ते सात वर्षं शिक्षा. तक्रार पोलीस ठाण्यात देता येते. 'मला तसं वाटलं' ही काही तिथं सबब चालत नाही.

मी त्या घरी कायदा घेऊन गेले नाही, रक्ताचा रिपोर्ट पुढे ठेवला. आजींनी तो नातसुनेकडून... नव्हे, सुनेकडून वाचून घेतला, घडी घातली आणि म्हणाल्या, "ते खरं हो, पण माझं मन काय ऐकत नाही." नळावर मात्र हल्ली त्या तिची बादली अडवत नाहीत. बोलत अजून नाहीत.